शेल कुणी उघडलं?

प्रोग्रॅमिंगचं कुठलंही नवं साधन संगणकावर बसवलं की सूचनांच्या शेवटी हमखास एक ओळ असते: खालचा मजकूर तुमच्या .बॅशआरसी फाइलमध्ये टाका आणि टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. उबुंटूवर हे निमूट चालतं. तीच ओळ मॅकवर टाकली तर काहीच होत नाही. कुणी सांगतं, मॅकवर .बॅश_प्रोफाइल लागते. दुसरा म्हणतो, ते जुनं झालं, आता .झेडएसएचआरसी. तिसऱ्याच्या सर्व्हरवर .प्रोफाइल असते आणि विंडोजवाल्याकडे यातलं काहीच नसतं. मग वैतागलेला माणूस ती ओळ दिसेल त्या प्रत्येक फाइलीत चिकटवतो. ती चालू लागते, पण का चालली हे त्याला कधीच कळत नाही.

ही नावं मुळात रोमन लिपीतली. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. सुरुवातीचं टिंब मात्र खरोखर नावाचाच भाग आहे आणि त्या टिंबामुळेच या फाइली नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. ही सोयही कुणी ठरवून केलेली नाही. युनिक्समध्ये प्रत्येक फोल्डरात दोन नोंदी आपोआप असतात: एक टिंब म्हणजे हेच फोल्डर आणि दोन टिंबं म्हणजे वरचं फोल्डर. यादी दाखवताना या दोन नोंदी गाळायच्या होत्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने घाईत 'पहिलं अक्षर टिंब असेल तर गाळ' एवढीच तपासणी घातली, आणि टिंबाने सुरू होणारं सगळंच अदृश्य झालं. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२मध्ये ही हकिकत लिहिली, तीही कौतुकाने नव्हे, तक्रारीच्या सुरात.

वरवर पाहता हा सगळा गोंधळ ऑपरेटिंग सिस्टिमींच्या फरकाचा वाटतो. माझ्या मते तो तसा फारसा नाही. बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये दिलेले हुकूम वाचून चालवणारं एक शेल, लिनक्सवर असो, मॅकवर असो की विंडोजवर, त्याचे नियम तेच आहेत. बदलतं ते एवढंच की ते शेल सुरू कोण करतं आणि कसं. पासवर्ड तपासणारा लॉगिन प्रोग्रॅम, टर्मिनलची खिडकी, दूरच्या यंत्राशी जोडणारं एसएसएच, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन, डॉकर, मॅकच्या डॉकमधून उघडलेला एडिटर यांतलं प्रत्येक जण शेलला वेगळ्या तऱ्हेने हाक मारतं, आणि हाक कशी आली त्यावरून शेल कोणती फाइल वाचायची ते ठरवतं.

याची मुळं बघायला १९७९पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्यासोबत स्टीफन बोर्न यांचं शेल आलं. तेव्हा एका माणसापुढे एक टर्मिनल असायचं. नाव-पासवर्ड दिला की लॉगिन प्रोग्रॅम त्याच्यासाठी एक शेल सुरू करायचा आणि ते शेल होम फोल्डरातली .प्रोफाइल वाचायचं. टर्मिनल कोणत्या जातीचं आहे, खोडायची कळ कोणती, हुकूम कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचे, हे तिथे लिहून ठेवलेलं असायचं. आपण लॉगिनच्या वेळी सुरू झालो आहोत हे शेलला कळावं म्हणून एक अगदी साधी खूण ठरली: लॉगिन प्रोग्रॅम शेलला त्याचं नाव सांगताना आधी एक आडवी रेघ जोडतो. ही युक्ती आजही तशीच चालू आहे. मॅकच्या टर्मिनलमध्ये शेलला त्याचं नाव विचारलं, म्हणजे डॉलर आणि शून्य हे इको या हुकमाला दिलं, तर उत्तरात नावाआधी ती रेघ दिसते.

त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी सी-शेल लिहिलं आणि एकाच्या दोन फाइली केल्या. .लॉगिन ही फक्त लॉगिनच्या वेळी वाचायची आणि .सीएसएचआरसी ही प्रत्येक नव्या सी-शेलने वाचायची. (नावातलं 'आरसी' आलं आहे एमआयटीच्या सीटीएसएस या १९६०च्या दशकातल्या यंत्रणेतल्या रनकॉम नावाच्या सोयीवरून, हुकमांची यादी फाइलीत लिहून चालवणं हे तिचं काम.) या दोन फाइली का, हे नीट समजलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

शेलमध्ये आपण ज्या गोष्टी ठरवतो त्यांच्या दोन जाती असतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, उदाहरणार्थ हुकूम कुठे शोधायचे ते सांगणारा पाथ किंवा भाषा सांगणारा लँग, हे एक्स्पोर्ट केले की वारशाने पुढे जातात. त्या शेलमधून सुरू झालेला प्रत्येक प्रोग्रॅम, त्या प्रोग्रॅमने सुरू केलेलं आणखी एखादं शेल, सगळ्यांना त्यांची नक्कल मिळते. ती एकदा, वंशवृक्षाच्या मुळाशी ठरवली की पुरते. प्रॉम्प्ट कसा दिसावा, लांबलचक हुकमाचं छोटं नाव म्हणजे एलियस, टॅब दाबल्यावर नाव पुरं होण्याची सोय, या गोष्टी मात्र त्या एका शेलपुरत्याच जगतात. त्या दर वेळी नव्याने सांगाव्या लागतात. पहिली जात लॉगिनच्या फाइलीत, दुसरी आरसी फाइलीत. बिल जॉय यांनी केलेली विभागणी इतकीच होती. पुढे खिडक्यांचे जमाने आले, एका लॉगिनखाली दहा-दहा शेल उघडू लागली, तेव्हा ही विभागणी आणखीच कामाची ठरली.

ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेलं बॅश १९८९मध्ये आलं. त्याने बोर्न आणि सी-शेल या दोन्ही घराण्यांचे रिवाज एकत्र केले आणि तिथेच आजच्या डोकेदुखीचा पाया पडला. बॅश सुरू होताना स्वतःबद्दल दोन प्रश्न सोडवतं: मी लॉगिन शेल आहे का, आणि माझ्यासमोर माणूस बसला आहे का? लॉगिन शेल असेल तर ते आधी /ईटीसी/प्रोफाइल ही सगळ्यांची फाइल वाचतं. मग होम फोल्डरात .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन आणि .प्रोफाइल या क्रमाने शोधतं आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतं. लॉगिन नसेल पण समोर माणूस असेल, तर .बॅशआरसी. दोन्ही नसेल, म्हणजे नुसती स्क्रिप्ट चालवायची असेल, तर यातलं काहीच नाही. लक्षात घ्या, लॉगिन शेल स्वतःहून .बॅशआरसी वाचत नाही. ती वाचली जाते तेव्हा दुसऱ्या कुणीतरी तिला बोलावलेलं असतं.

'पहिली सापडेल तेवढीच' या नियमाने किती जणांचा दिवस खाल्ला असेल, सांगता येत नाही. उबुंटू आणि डेबियन नव्या माणसाच्या होम फोल्डरात .प्रोफाइल ठेवतात, तिच्यात 'बॅश असेल तर .बॅशआरसीही वाच' असं लिहिलेलं असतं. .बॅश_प्रोफाइल मात्र तिथे नसते. मग मॅक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या सूचना वाचून कुणी एका ओळीची .बॅश_प्रोफाइल तयार करतो. झालं. पुढच्या वेळी एसएसएचने त्या सर्व्हरवर गेल्यावर रंगीत प्रॉम्प्ट गेलेला, एलियस गेलेले, स्वतःच्या बिन फोल्डरातले हुकूम गेलेले. काहीच पुसलं गेलेलं नसतं. बॅशला .बॅश_प्रोफाइल आधी सापडली, म्हणून .प्रोफाइल वाचायची राहिली, आणि तिच्यामार्फत येणारी .बॅशआरसीही राहिली. अशा वेळी ती नवी ओळ .प्रोफाइलमध्ये हलवून .बॅश_प्रोफाइल काढून टाकणं हाच सरळ उपाय.

डेबियनच्या त्या .प्रोफाइलमध्ये आणखी एक मेख आहे. होम फोल्डरात .लोकल/बिन असेल तरच ते पाथमध्ये घालायचं, असं तिथे लिहिलेलं असतं. पायथनच्या पिपने पहिल्यांदाच काही बसवलं की हे फोल्डर नव्याने तयार होतं, पण लॉगिनच्या क्षणी ते नव्हतं, त्यामुळे पाथमध्येही नसतं. नवी खिडकी उघडून उपयोग नाही, कारण उबुंटूची टर्मिनल खिडकी लॉगिन शेल उघडत नाही. पुरतं लॉगआउट करून परत यावं लागतं. शिवाय चित्रमय लॉगिनच्या वेळी ही .प्रोफाइल बॅशऐवजी साध्या एसएचकडून वाचली जाऊ शकते, आणि उबुंटूवर २००६पासून ते एसएच म्हणजे डॅश नावाचं चपळ पण बेताचं शेल आहे. बॅशचे खास लाड, दुहेरी चौकटी कंस, अॅरे वगैरे, .प्रोफाइलमध्ये नकोत ते यासाठी.

फेडोरा आणि रेड हॅट यांनी उलटी वाट धरली: त्यांच्याकडे .बॅश_प्रोफाइल तयार मिळते आणि ती .बॅशआरसीला बोलावते. सगळ्यांसाठीचे बदल /ईटीसी/प्रोफाइल.डी या फोल्डरात छोट्या छोट्या फाइली टाकून करायचे. ही पद्धत मला जास्त शिस्तीची वाटते. एक मोठी फाइल दहा जणांनी खणण्यापेक्षा बरी.

मॅकचा प्रकार निराळा. तिथे टर्मिनलची प्रत्येक नवी खिडकी, प्रत्येक टॅब हे लॉगिन शेल असतं. म्हणूनच बॅशच्या काळात मॅकवर .बॅशआरसीला कुणी विचारत नव्हतं आणि सगळं .बॅश_प्रोफाइलमध्ये जात होतं. २०१९च्या कॅटलिनापासून नव्या खात्यांना झेडएसएच मिळू लागलं. अॅपलने बॅश ३.२च्या पुढे नेलंच नाही, ४.०पासून त्याचा परवाना जीपीएल ३ झाला, आणि तो अॅपलला नको होता. झेडएसएचची एक गोष्ट चांगली: लॉगिन शेल असलं तरी समोर माणूस असेल तर .झेडएसएचआरसी वाचली जातेच. त्यामुळे बॅशमधला 'पहिली सापडेल तेवढीच' हा घोळ इथे नाही. .झेडएसएचईएनव्ही, .झेडप्रोफाइल, .झेडएसएचआरसी, .झेडलॉगिन अशी रांग लागते आणि ज्या लागू असतील त्या सगळ्या वाचल्या जातात. यातली पहिली स्क्रिप्ट चालवतानाही वाचली जाते. 'म्हणजे सगळं तिच्यातच टाकू' हा मोह इथेच होतो.

मॅकवर हा मोह लगेच अंगाशी येतो. समजा .झेडएसएचईएनव्हीमध्ये तुम्ही आपलं फोल्डर पाथच्या सर्वांत पुढे घातलं. त्यानंतर लॉगिन शेल असल्यामुळे यंत्रणेची /ईटीसी/झेडप्रोफाइल वाचली जाते आणि ती पाथ_हेल्पर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमला बोलावते. तो /ईटीसी/पाथ्स या फाइलीतली आणि शेजारच्या पाथ्स.डी फोल्डरातली नावं घेऊन नवा पाथ बांधतो, आणि आधीच्या पाथमध्ये जे उरलं असेल ते शेपटीला जोडतो. तुमचं फोल्डर पहिल्या नंबरावरून थेट शेवटी. पाथमध्ये नाव तर दिसतंय, पण पायथन मात्र अॅपलचाच चालतोय, ही तक्रार बहुतेकदा याच कारणाने असते. २०२०नंतरच्या अॅपलच्याच चिपवाल्या मॅकवर हे जास्त जाणवतं. प्रोग्रॅम बसवून देणारं होमब्रू पूर्वी /युएसआर/लोकलमध्ये राहायचं आणि ते फोल्डर /ईटीसी/पाथ्समध्ये असतंच. या मॅकवर त्याचा मुक्काम /ऑप्ट/होमब्रूमध्ये हलला आहे. म्हणून होमब्रू आपली ओळ .झेडप्रोफाइलमध्ये टाकायला सांगतं. ती फाइल पाथ_हेल्परच्या नंतर वाचली जाते. एका खिडकीच्या अनेक चौकटी करणारं टीमक्स वापरणाऱ्यांना हा झटका दुसऱ्यांदा बसतो, कारण टीमक्सही आपल्या प्रत्येक चौकटीत लॉगिन शेलच उघडतं आणि पाथ_हेल्पर पुन्हा पत्ते पिसतो. वरच्या खिडकीत पायथनचं खास एन्व्हायर्नमेंट सुरू करून मग टीमक्समध्ये शिरलं, तर ते मागे ढकललं गेलेलं असतं.

डॉकमधून उघडलेल्या प्रोग्रॅमांचा तर शेलशी संबंधच येत नाही. त्यांना लाँचडी हा मॅकचा मूळ प्रोग्रॅम जन्म देतो. तुमची .झेडएसएचआरसी कितीही सजवलेली असो, त्यांना तिचा पत्ता नसतो. यावर व्हीएस कोड या एडिटरने काढलेली पळवाट मजेशीर आहे. डॉकमधून उघडल्यावर तो पडद्याआड एक लॉगिन शेल सुरू करतो, समोर माणूस असल्याचं त्याला भासवतो, त्याचे व्हेरिएबल टिपून घेतो आणि शेल बंद करतो. दहा सेकंदांत हे उरकलं नाही तर तो तक्रार करतो. नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं एनव्हीएम, कोंडा, आणि वर प्रॉम्प्ट नटवणारी एखादी भलीमोठी चौकट असं सगळं एका फाइलीत कोंबलं की शेल उघडायला लागणारा वेळ हळूहळू वाढत जातो. या चौकटींबद्दल माझं मत फारसं बरं नाही. शंभर एलियस मिळतात, वापरात सहा येतात, आणि बिघाड झाला की तो दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळींत शोधावा लागतो.

समोर माणूस आहे की नाही, हा दुसरा प्रश्न लोक विसरतात. एसएसएचवरून लांबच्या यंत्रावर एखादा हुकूम पाठवला की तिथे लॉगिन शेल उघडत नाही आणि समोर माणूसही नसतो. तरीही बॅश इथे अपवाद करून .बॅशआरसी वाचतं. म्हणूनच डेबियनच्या .बॅशआरसीच्या डोक्यावरच पहारा असतो: समोर कुणी नसेल तर इथूनच परत फिर. एनव्हीएमची ओळ फाइलीच्या शेवटी, म्हणजे पहाऱ्याच्या पलीकडे. त्यामुळे सर्व्हरवर बसून नोड चालतो, पण एसएसएचमधून थेट विचारलं तर 'असा हुकूम नाही' असं उत्तर येतं.

पहारा नसेल तर वेगळीच गंमत. हौसेने .बॅशआरसीमध्ये 'नमस्कार' छापायची ओळ घातली, की टर्मिनल उघडताना छान वाटतं आणि एसएफटीपीने फाइल पाठवणं बंद पडतं. पडद्यावर येतं: मिळालेला संदेश फार लांब आहे, ३७६८८८७५२०. हा आकडा यादृच्छिक नाही. एसएफटीपीच्या बोलीत पहिले चार बाइट म्हणजे पुढे येणाऱ्या संदेशाची लांबी. तिथे आपला 'नमस्कार' आधी पोचला. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'न' तीन बाइट घेतो, चौथा बाइट 'म'चा पहिला; या चार बाइटांचा आकडा केला की बरोबर एवढाच येतो. समोरच्या प्रोग्रॅमला वाटतं की पावणेचार अब्ज बाइटांचा संदेश येतोय, आणि तो घाबरून दार लावून घेतो. इंग्रजीत 'हेलो' म्हणणाऱ्यांना १२१४६०६४४४ हा आकडा दिसतो. जुन्या एससीपीलाही असला आगंतुक मजकूर खपत नव्हता, आणि २०२२च्या ओपनएसएसएच ९.०पासून तर एससीपीही आतून एसएफटीपीच वापरतं. काही छापायचंच असेल तर लॉगिनच्या फाइलीत छापावं.

मराठीचा विषय निघालाच आहे तर लँग या व्हेरिएबलबद्दल. फाइलीचं नाव देवनागरीत ठेवलं आणि सर्व्हरवर यादी मागितली, की कधीकधी अक्षरांच्या जागी आकड्यांची माळ दिसते. 'म'च्या जागी ३४०, २४४, २५६. फाइल बिघडलेली नसते. शेलला भाषेबद्दल काहीच सांगितलेलं नसतं, म्हणून यादी दाखवणारा प्रोग्रॅम इंग्रजीपलीकडच्या प्रत्येक बाइटचा अष्टमान आकडा छापतो. लँगमध्ये यूटीएफ-८वाला लोकेल, म्हणजे भाषेची नोंद, आला की नाव नीट दिसतं. तो मराठीचा, म्हणजे एमआर_आयएन, असू शकतो किंवा इंग्रजीचाही चालतो. ही वारशाने जाणारी गोष्ट, त्यामुळे तिची जागा लॉगिनच्या फाइलीत. मॅकवरून लिनक्सवर जाताना इथेही एक ठेच लागते: मॅक एलसी_सीटाइपमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' एवढंच लिहून पाठवतो, लिनक्सला त्या नावाचा लोकेल माहीत नसतो, आणि प्रत्येक लॉगिनला इशाऱ्याची ओळ छापली जाते.

क्रॉन यातली एकही फाइल वाचत नाही. त्याचं शेल साधं एसएच आणि पाथ दोन-चार फोल्डरांचा. 'टर्मिनलमध्ये चालतं, रात्री क्रॉनमध्ये चालत नाही' या तक्रारीचं उत्तर दहापैकी नऊ वेळा इथे असतं. हुकमाचा पूर्ण पत्ता लिहावा किंवा क्रॉनच्याच फाइलीत वर पाथ द्यावा. डॉकरच्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, तर लॉगिनच होत नाही, म्हणून तिथे .प्रोफाइल लिहून ठेवणं वाया जातं. व्हेरिएबल डॉकरफाइलमध्येच सांगावे लागतात.

बीएसडी आणि जुन्या व्यावसायिक युनिक्सांवर बॅश असेलच असं धरून चालू नये. फ्रीबीएसडीत रूटला अनेक वर्षं सी-शेल घराण्याचं शेल मिळायचं. २०२३च्या चौदाव्या आवृत्तीपासून एसएच मिळतं. बॅश बसवलं तर ते /युएसआर/लोकल/बिनमध्ये जातं, /बिनमध्ये नाही, आणि त्यावरच कित्येक स्क्रिप्ट अडतात. ओपनबीएसडी कॉर्न शेल देतं. त्यात प्रत्येक शेलने वाचायच्या फाइलीचं नाव ईएनव्ही या व्हेरिएबलमध्ये लिहायचं असतं. सोलॅरिस १०चं /बिन/एसएच तर अस्सल बोर्न शेल होतं. एकाच ओळीत किंमत देऊन एक्स्पोर्ट करणं त्याला समजत नसे, दोन वेगळ्या ओळी लिहाव्या लागत.

विंडोजने मात्र दुसरंच घराणं सांभाळलं. ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणकाचे क्लास केले त्यांना ऑटोएक्झेक.बॅट आठवत असेल. डॉस सुरू झालं की ती फाइल एकदा चालायची आणि पाथ, प्रॉम्प्ट त्यातच ठरायचे. एकच माणूस, लॉगिन नाही, त्यामुळे दोन फाइलींचा प्रश्नही नाही. आजच्या विंडोजमध्ये व्हेरिएबल रजिस्ट्रीत राहतात, यंत्राचे वेगळे आणि माणसाचे वेगळे, आणि ते शेलसकट सगळ्या प्रोग्रॅमांना मिळतात. मॅकवर डॉकमुळे जी अडचण येते ती इथे नाही. हा भाग विंडोजने जास्त सुटसुटीत केला, हे मान्य करायला हवं. पण सेटएक्स या हुकमाने पाथ वाढवायला जाऊ नये: तो १०२४ अक्षरांनंतर मजकूर कापतो आणि कापलेलाच साठवतो. जुन्या सीएमडीसाठी रजिस्ट्रीत ऑटोरन नावाची नोंद करता येते, मात्र ती दुसऱ्या प्रोग्रॅमांनी गुपचूप उघडलेल्या सीएमडीलाही लागू होते. ती न केलेली बरी.

पॉवरशेलमध्ये प्रोफाइल नावाच्या व्हेरिएबललाच विचारायचं की फाइल कुठे आहे. हे मला फार आवडतं. बॅश आणि झेडएसएच ही सोय देत नाहीत. विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ची फाइल डॉक्युमेंट्समधल्या विंडोजपॉवरशेल फोल्डरात, वेगळ्या बसवलेल्या ७ची पॉवरशेल फोल्डरात. एकीत लिहिलेलं दुसरीत दिसत नाही, आणि वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स आपल्याकडे ओढून घेतलं असेल तर दोन्ही तिकडे. घरच्या विंडोजवर ५.१ स्क्रिप्ट चालवायलाच नकार देतं, त्यामुळे प्रोफाइल लिहिली की आधी एक्झिक्यूशन पॉलिसी बदलावी लागते. गिट बॅश उघडलं तर ते मात्र लॉगिन शेल असतं. तुमच्याकडे .बॅशआरसी आहे पण .बॅश_प्रोफाइल नाही, हे बघून ते स्वतःच .बॅश_प्रोफाइल तयार करतं आणि तसं सांगतं. डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजमध्येच चालणाऱ्या लिनक्समध्ये, विंडोजचा अख्खा पाथ लिनक्सच्या पाथच्या शेपटीला लागलेला असतो. आणि विंडोजच्या एडिटरमध्ये लिहिलेली .बॅशआरसी तिथे नेली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर येतं, ज्याला बॅश हुकूम समजून चुकीचा ठरवतं.

तीन-चार यंत्रांवर काम करणाऱ्याने एकच गोष्ट करावी. वारशाने जाणाऱ्या ओळी साध्या एसएचच्या भाषेत एका फाइलीत लिहाव्यात. .प्रोफाइल आणि .झेडप्रोफाइल या दोघींनी तिला बोलवावं. एलियस दुसऱ्या फाइलीत; तिला .बॅशआरसी आणि .झेडएसएचआरसी बोलावतील. यंत्र कोणतं हे युनेम हा हुकूम सांगतो: लिनक्स, डार्विन म्हणजे मॅक, फ्रीबीएसडी. पण यंत्राचं नाव विचारण्यापेक्षा हवा तो हुकूम आहे का हे विचारणं चांगलं. यादीला रंग द्यायचा पर्यायच बघा, ग्नूचा वेगळा आणि बीएसडीचा वेगळा. पण मॅकवर कुणी ग्नूची साधनं बसवली की यंत्राच्या नावावरून काढलेला अंदाज चुकतो. पाथमध्ये फोल्डर घालण्याआधी ते तिथे आधीच आहे का, हे तपासावं. रस्टचा इन्स्टॉलर स्वतःच्या ओळीत हे करतो. बाकीचे बरेच करत नाहीत, आणि शेलात शेल उघडत गेलं की पाथमध्ये तेच नाव पुन्हा पुन्हा येत राहतं.

पाथमध्ये एकटं टिंब, म्हणजे 'मी असेन ते फोल्डर', कधीही घालू नये. कुणीतरी सार्वजनिक फोल्डरात यादीच्या हुकमाच्या नावाची भलतीच फाइल ठेवून द्यायची, ही युनिक्सवरची फार जुनी युक्ती आहे. आणि या फाइली दर लॉगिनला आपोआप चालतात, म्हणून घुसखोरांनाही त्या आवडतात. एक ओळ घालून ठेवली की यंत्र कितीदा बंद-चालू केलं तरी ती परत चालते. त्यामुळे फाइली गिटमध्ये ठेवाव्यात, कुणी काय घातलं ते दिसतं. फक्त पासवर्ड आणि किल्ल्या त्यात असू नयेत. त्यांची वेगळी फाइल करून ती गिटच्या बाहेर ठेवावी.

सर्व्हरवरच्या लॉगिनच्या फाइलीला हात लावण्याआधी दुसरी एसएसएच जोडणी उघडी ठेवावी आणि बदल झाल्यावर तिसरी उघडून बघावी. पहिल्या दोन तोवर बंद करू नयेत. काय वाचलं जातंय हे बघायचं असेल तर बॅशला लॉगिन, इंटरॅक्टिव्ह आणि एक्स हे तिन्ही पर्याय देऊन सुरू करावं. वाचलेली प्रत्येक ओळ पडद्यावर सरकत जाते. झेडएसएचला एफ पर्याय दिला की ते घरच्या फाइली न वाचता कोरं उघडतं, म्हणजे बिघाड आपल्या फाइलीत आहे की आणखी कुठे, हे अर्ध्या मिनिटात कळतं. आणि .बॅश_प्रोफाइलमध्येच एक्झिट जाऊन बसलं असेल, लॉगिन होताक्षणी बाहेर फेकले जात असाल, तर एसएसएचला टी पर्याय देऊन पुढे 'बॅश, नोप्रोफाइल, नोआरसी' हा हुकूम जोडावा. हुकूम दिलेला असल्यामुळे लॉगिन शेल उघडतच नाही, ती फाइल वाचली जात नाही, आणि आत जाऊन ती ओळ खोडता येते.